गिटारच्या रंगावर कोणता क्लिअर चालेल?

या महिन्याच्या पत्रांमध्ये गिटार रंगवणाऱ्यांची गर्दी आहे. रंग बहुतेकांचा मनासारखा झालाय. गाडी अडलीय ती शेवटच्या पारदर्शक हातापाशी. 'सगळ्यात चांगला क्लिअर कोणता?' असं बऱ्याच जणांनी विचारलंय. असं एकच नाव आम्ही सांगू शकत नाही. खाली कोणता रंग आहे, तो मारून किती दिवस झाले आणि क्लिअर कुठे बसून मारणार आहात, एवढं कळलं की निवड बरीचशी आपोआप होते.

प्रश्न : इलेक्ट्रिक गिटारच्या बॉडीला प्रायमर मारून निळ्या ऑइल पेंटचे तीन हात दिले. चार दिवसांनी रंग बोटाला कडक लागत होता, म्हणून फर्निचरसाठी मिळतो तो क्लिअर लॅकर स्प्रे गनने मारला. पाच मिनिटांत रंगाला सुरकुत्या पडल्या, कडेला तर सालच उठली. लॅकर भेसळीचा होता का? आता सगळं खरवडावं लागेल का?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : लॅकर चांगलाच असणार. चूक जोडीची आहे.

ऑइल पेंट, म्हणजे दुकानदार ज्याला सिंथेटिक इनॅमल म्हणतो तो रंग, दोन टप्प्यांत वाळतो. आधी त्यातलं टर्पेंटाइन उडून जातं आणि रंग बोटाला कोरडा लागतो. त्यानंतर त्यातलं तेल हवेतला ऑक्सिजन घेत हळूहळू घट्ट होत जातं, आणि हे काम वरून खाली चालतं. चौथ्या दिवशी वरचा पापुद्रा कडक असतो, आतला थर अजून मऊ असतो. तुम्ही तीन हात दिलेत, म्हणजे मऊ थर चांगलाच जाड होता. लॅकरच्या थिनरमध्ये टोल्यूइन, ॲसिटेट, ॲसिटोन असे जहाल द्रव असतात. ते वरच्या पापुद्र्यातून आत शिरतात, आतला थर फुगवतात आणि वरचा भाग दुधावरच्या सायीसारखा सरकून गोळा होतो. रंगारी याला 'रंग उठला' म्हणतात. लॅकरवर ऑइल पेंट चालतो, ऑइल पेंटवर लॅकर चालत नाही, हे त्यांच्या तोंडी असतं ते याच कारणाने. ऑइल पेंटचं टर्पेंटाइन सौम्य असतं, ते वाळलेल्या लॅकरला काही करत नाही.

आता पुढचं. आणखी एकही हात मारू नका. सुरकुत्यांवर जाड थर देऊन त्या झाकायचा मोह होतो. त्या झाकल्या जात नाहीत, उलट आतला द्रव कोंडून राहतो. बॉडी आठवडाभर हवेशीर जागी टांगून ठेवा. मग नख दाबून पाहा. खूण उमटली तर सगळा रंग काढणं भाग आहे: स्क्रेपरने जेवढा निघेल तेवढा काढा, उरलेला 120 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. पेंट रिमूव्हर वापरणार असाल तर बॉडीच्या कडेला प्लास्टिकची पट्टी, म्हणजे बाइंडिंग, नाही ना ते आधी बघा. रिमूव्हर प्लास्टिक विरघळवतं. हीट गननेही ती पट्टी वाकडी होते. नख उमटलं नाही आणि सुरकुत्या थोड्याच भागात असतील, तर 320 ने सपाट करून तेवढ्या जागी पुन्हा रंग देता येईल.

पुन्हा निळा ऑइल पेंटच मारायचा असेल तर त्यावर तीन वाटा आहेत.

पहिली, त्याच घराण्यातली: सिंथेटिक क्लिअर व्हार्निश. तेही तेलावरच चालतं, त्यामुळे भांडण होत नाही. पण ते वर्षा-दोन वर्षांत पिवळसर होतं, आणि पिवळा पडदा निळ्यावर आला की निळा हिरवट दिसतो. लाल, काळा, तपकिरी रंग असता तर आम्ही हीच वाट सुचवली असती.

दुसरी, पाण्यावर चालणारं पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, क्लिअर. रंग मारून तीन ते चार आठवडे थांबा, वास पूर्ण गेला पाहिजे. मग 600 च्या पेपरने चकाकी जाईपर्यंत एकसारखं घासा. चकचकीत ऑइल पेंटवर पाण्याचं क्लिअर पकड घेत नाही. न घासता मारलं तर महिन्याभरात पट्ट्याच्या बटणाजवळून पापुद्रा निघायला लागतो. तुमच्या निळ्यासाठी आम्ही हीच वाट धरू.

तिसरी वाट म्हणजे मध्ये लाखेचा पडदा घालून वर लॅकर. लॅकरचीच चकाकी हवी असेल तर एक लिटर स्पिरिटमध्ये 150 ते 200 ग्रॅम मेण काढलेली लाख विरघळवून तिचे दोन-तीन पातळ हात फवारायचे. स्पिरिट पूर्ण वाळलेल्या ऑइल पेंटला सहसा धक्का लावत नाही. एक दिवसाने लॅकर, पण पहिले तीन हात नुसता भुरका, प्रत्येकात पंधरा मिनिटांचं अंतर. ओला हात पडला तर लॅकरचं थिनर लाख भेदून खाली पोचतं आणि पुन्हा तेच नाटक. ही वाट सराव असणाऱ्याची आहे.

काहीही निवडा, आधी एमडीएफच्या तुकड्यावर पूर्ण रचना करून बघा: तोच प्रायमर, तोच रंग, तेवढेच दिवस, तोच क्लिअर. आठ दिवसांनी धारदार कटरने त्यावर साधारण 2 मिलिमीटर अंतराने सहा उभ्या आणि सहा आडव्या रेघा मारा, सेलोटेप घट्ट चिकटवून झटक्यात ओढा. टेपला चौकोन चिकटून आले तर ती जोडी गिटारवर नको.

प्रश्न : ॲकॉस्टिक गिटारच्या दर्शनी पाटीवर वारली चित्रं काढायची आहेत. रंग फेविक्रिलसारखे पाण्याचे ॲक्रिलिक, बारीक रेघांसाठी मार्कर. वरून कोणता क्लिअर द्यावा? आवाज बसेल का?
— एक वाचक, डहाणू

उत्तर : क्लिअरचा विचार रंगाच्या आधी करावा लागतो. कारखान्यातून आलेल्या गिटारवर पॉलिएस्टर किंवा पीयूचा चकचकीत थर असतो. त्यावर थेट चित्र काढलं तर रंग नुसता टेकलेला राहतो, आणि क्लिअर कितीही भारी असला तरी दोन्ही मिळून निघून येतात. तारा काढा, पाटी आधी पांढऱ्या पेट्रोलने पुसून घ्या, मग 400 च्या पेपरने चकाकी घालवा. लाकूड उघडं करायचं नाही, फक्त मॅट करायचं.

पाण्याचे ॲक्रिलिक रंग पातळ असतील तर तीन दिवस, जाड फटकारे असतील तर आठवडाभर वाळू द्या. त्यावर पाण्याचं पीयू किंवा पाण्याचं ॲक्रिलिक क्लिअर सगळ्यात सुरक्षित. लॅकर नको, कारण त्याचं थिनर हे रंग विरघळवतं आणि पांढरी वारली आकृती गेरूच्या जमिनीत पसरते. लाखेचा पडदाही इथे फारसा कामाचा नाही. स्पिरिटही ॲक्रिलिकला मऊ करतं.

मार्करचं प्रकरण वेगळं आहे. 'परमनंट' लिहिलेल्या साध्या मार्करची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि क्लिअरखाली तिला निळी-जांभळी किनार फुटते, कधी लगेच, कधी महिन्यानंतर. पाण्यातल्या रंगद्रव्याचे पेंट मार्कर घ्या. त्यांच्यावरही क्लिअरचा पहिला हात ब्रशने न देता फवाऱ्याने द्या, ब्रशने रेघ ओढली जाते.

आवाजाबद्दल आकडाच पाहू. मोठ्या गिटारची दर्शनी पाटी साधारण 0.14 चौरस मीटर भरते. तिच्यावर 0.1 मिलिमीटर क्लिअर म्हणजे 14 घनसेंटिमीटर, वजनात सुमारे 15 ग्रॅम. स्प्रूसची पावणेतीन मिलिमीटर जाडीची पाटी स्वतः दीडशे-एकशेसाठ ग्रॅमची असते. म्हणजे वजनात जवळपास दहावा हिस्सा भर, शिवाय खालचा कारखान्याचा थर आहेच. अस्सल स्प्रूसच्या पाटीवर हे कानाला कळेल. प्लायवूडच्या स्वस्त गिटारवर बहुधा कळणार नाही, आणि चित्रांसाठी तीच वापरावी असं आमचं मत. तीन पातळ हातांच्या वर जाऊ नका. ब्रिज आणि फिंगरबोर्ड टेपने झाका. साउंडहोलमध्ये फुगा घालून फुगवला की आत फवारा जात नाही.

प्रश्न : जुन्या बाजारातून घेतलेल्या गिटारवर मूळ रंग कोणता आहे ते कसं ओळखायचं? विकणाऱ्याला माहीत नाही.
— एक वाचक, नागपूर

उत्तर : झाकलेल्या जागी कापसाच्या काडीने तपासा: इलेक्ट्रिक असेल तर गळ्याच्या खाचेत किंवा पिकगार्डखाली, ॲकॉस्टिक असेल तर गळ्याच्या टाचेजवळ. क्रम सौम्याकडून जहालाकडे ठेवा.

स्पिरिट लावून अर्धा मिनिट थांबा. चिकट झालं, काडीवर रंग आला, तर लाखेचं पॉलिश. काही झालं नाही तर एनसी थिनर, म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकरचं थिनर. लगेच विरघळलं आणि बोटाला चिकटलं तर लॅकर, नायट्रो असेल किंवा ॲक्रिलिक; त्यावर नवा लॅकर बिनधास्त मारा, तो खालच्यात मिसळतो. थिनरने विरघळलं नाही पण फुगलं, सुरकुतलं, तर ऑइल पेंट. थिनर पुसल्यावर जागा जशीच्या तशी राहिली तर पॉलिएस्टर किंवा दोन डब्यांचं पीयू. या शेवटच्या थराला कोणतंही थिनर उठवू शकत नाही, म्हणून त्यावर जवळपास काहीही चालतं, अट एकच: 400 ते 600 ने नीट घासलेलं हवं, कारण रासायनिक पकड मिळत नाही, फक्त ओरखड्यांची मिळते.

थिनर लावल्यावर काडी फार वेळ टेकवून ठेवू नका, आणि प्लास्टिकच्या पट्टीपासून लांब.

प्रश्न : गाड्या रंगवणाऱ्या गॅरेजवाल्याने बॉडीला मेटॅलिक चंदेरी बेस कोट मारून दिलाय. क्लिअर मी घरच्या गच्चीवर मारणार आहे. '2के क्लिअर घ्या, दगडासारखा होतो' असं तो म्हणतो. प्रमाण किती घ्यायचं?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : क्लिअर त्याने बरोबर सांगितलाय, जागा तुम्ही चुकीची निवडलीय.

गाडीच्या बेस कोटवर त्याच घराण्याचा 2के, म्हणजे हार्डनर मिसळून वापरायचा दोन डब्यांचा, क्लिअर ही या पानावरची सगळ्यात निर्धोक जोडी आहे. अडचण हार्डनरची. त्यात आयसोसायनेट असतात. फवाऱ्यातून ते श्वासात गेले तर काही जणांना कायमचा दमा जडतो, आणि एकदा शरीर त्यांना विटलं की पुढे थोडासा संपर्कही त्रास देतो. कापडी मास्क किंवा एन-95 इथे कामाचा नाही. रंगासाठीचा काडतुसाचा मास्क कधी संपला ते वासावरून कळत नाही, कारण धोकादायक प्रमाण वास येण्याच्या कितीतरी आधी गाठलं जातं. बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क, पूर्ण अंग झाकणारा पोशाख आणि नायट्राइलचे हातमोजे नसतील तर हे काम करू नका. गच्चीवर शेजाऱ्यांच्या खिडक्याही असतात. बूथ असलेल्या गॅरेजमध्येच मारून घ्या. रंग तिथलाच आहे, क्लिअरही तिथेच होऊ दे.

त्याच्याशी बोलताना चार गोष्टी ठरवून घ्या.

भट्टी नको. गाडी 60 अंशांवर भाजतात. लाकडाला आणि आतल्या डिंकाला ते सोसत नाही: सांधे सैल होऊ शकतात, लाकडातली हवा आणि ओल बाहेर पडताना क्लिअरमध्ये टाचणीएवढी भोकं पडतात. साध्या तापमानाला वाळू द्या.

बेस कोटला किती वेळ झाला ते विचारा. बहुतेक बेस कोटवर त्याच दिवशी, पंधरा-वीस मिनिटांत तो मॅट झाला की, क्लिअर मारायचा असतो. चोवीस तास उलटून गेले असतील तर पकड कमी होते. अशा वेळी मेटॅलिक घासायचा नाही. घासल्यावर ॲल्युमिनियमचे कण उघडे पडतात आणि काळसर ढग दिसतात. बेस कोटचाच एक पातळ हात नव्याने द्यायचा आणि त्यावर लगेच क्लिअर.

प्रमाण डब्यावरचंच. सर्रास आढळतं ते दोन भाग क्लिअरला एक भाग हार्डनर, वर दहा टक्क्यांपर्यंत थिनर. पण काही क्लिअर 4:1 असतात, आणि एकाचा हार्डनर दुसऱ्याला लावला तर क्लिअर कायम चिकट राहतो किंवा ठिसूळ होतो. 2:1 धरून 250 मिली क्लिअर, 125 मिली हार्डनर आणि 30 ते 40 मिली थिनर एका बॉडीच्या दोन-तीन हातांना पुरतं. दोन हातांत दहा ते पंधरा मिनिटं. कालवलेला माल डब्यावर सांगितलेल्या वेळेत संपवायचा. घट्ट व्हायला लागलेल्या क्लिअरमध्ये थिनर ओतून तो वाचत नाही.

शेवटचं, रंगाखाली त्याने कोणती पुट्टी भरली? एनसी पुट्टी जाड भरली असेल तर ती महिनोन्महिने आक्रसत राहते आणि आरशासारख्या क्लिअरवर खड्ड्याची कड उमटते. खोल खड्ड्यांना दोन घटकांची पॉलिएस्टर पुट्टीच हवी.

तळाचं बटण दाबून हार्डनर मिसळणारे 2के स्प्रे कॅनही मिळतात. त्यांनाही मास्कचा नियम तोच.

प्रश्न : काळ्या गिटारवर नायट्रो लॅकर मारला आणि दहा मिनिटांत पांढरं धुकं आलं. पुन्हा मारला, धुकं वाढलं.
— एक वाचक, रत्नागिरी, जुलै

उत्तर : पत्रावरचा महिना वाचूनच निदान झालं. थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड पडतो, हवेतली वाफ त्यावर पाणी होऊन बसते आणि ते पाणी पापुद्र्यात अडकतं. काळ्यावर ते लगेच दिसतं, क्रीमवर कदाचित कळलंही नसतं.

बहुतेक वेळा हे दुरुस्त होतं. आणखी लॅकर मारू नका. कोरड्या दिवसाची वाट पाहा, मग थिनरमध्ये रिटार्डर मिसळून नुसता भुरका फवारा. रिटार्डर हळू उडणारं थिनर असतं. पापुद्रा थोडा वेळ उघडा राहतो आणि पाणी निघून जातं. लॅकरमध्ये ते पाच ते दहा टक्क्यांच्या वर घालू नका, नाहीतर थर आठवडेच्या आठवडे मऊ राहतो.

छोटा आर्द्रतामापक घ्या आणि 65 टक्क्यांच्या वर लॅकर मारू नका. एसीच्या खोलीत मारणं हा उपाय नव्हे: बंद जागेत लॅकरची वाफ साठते आणि एका ठिणगीला भडकते. एसीतली थंड बॉडी बाहेर आणून मारणं त्याहून वाईट, तिच्यावर ओल आधीच धरलेली असते. कॉम्प्रेसरच्या नळीला पाणी अडवणारा फिल्टर नसेल तर कोरड्या दिवशीही थेंब उडतात. खरं सांगायचं तर कोकणात हे काम पाऊस पूर्ण ओसरल्यावर करण्याचं आहे. तोवर रंगाचं घासकाम उरकून घ्या.

2के वाल्यांनीही हुरळून जाऊ नये. आयसोसायनेट पाण्याशी भिडलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि क्लिअरमध्ये बुडबुडे धरतात.

प्रश्न : साठच्या दशकातल्या फेंडर कंपनीच्या गिटारींसारखा ऑलिम्पिक व्हाइट रंग करतोय. अस्सल दिसायला नायट्रोच हवा का? माझा पांढरा रंग ॲक्रिलिक लॅकर आहे, दोघांचं जमेल का?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : जमेल. फेंडरच्या त्या काळातल्या खास रंगांतच हे दोन्ही प्रकार होते. रंग मोटारींसाठी बनलेले, ड्यूपॉन्टचे: काही ड्युको, म्हणजे नायट्रोसेल्युलोज, काही ल्युसाइट, म्हणजे ॲक्रिलिक लॅकर. आपल्याकडे मोटारीच्या स्प्रे रंगाला सरसकट 'डुको' म्हणतात तो हाच शब्द. दोन्ही प्रकार द्रव उडून वाळतात, दोन्ही थिनरने पुन्हा विरघळतात, म्हणून एकावर दुसरा मिसळून बसतो. रंगावर नायट्रोचा क्लिअर असे, तो पिवळा पडला, आणि पांढऱ्या गिटारी क्रीम झाल्या. फेंडरचा लेक प्लॅसिड ब्लू हा निळा हिरवट दिसतो तोही त्याच पिवळ्या पडद्यामुळे.

तेव्हा आधी ठरवा: गिटार आज पांढरी हवी आणि पुढेही पांढरीच राहायला हवी, की कालांतराने क्रीम झालेली आवडेल? पांढरीच ठेवायची असेल तर क्लिअरही ॲक्रिलिक लॅकरचा घ्या, तो फारच कमी पिवळा पडतो. क्रीम हवी असेल तर नायट्रो. आजच जुनी दिसायला क्लिअरमध्ये अंबर रंगाचे थेंब घालतात, पण ते सगळीकडे एकसारखं पिवळं होतं. खरी जुनी गिटार पिकगार्डखाली पांढरी राहिलेली असते, आणि जाणकार स्क्रू काढून आधी तेच बघतो.

400 मिलीचे तीन कॅन क्लिअरसाठी धरा. कॅन कोमट पाण्यात, हाताला सोसेल एवढ्याच, दहा मिनिटं ठेवला तर फवारा बारीक पडतो. विस्तवावर किंवा उकळत्या पाण्यात कधीही नाही. अंतर 25 ते 30 सेंटिमीटर, दिवसाला तीन हात. शेवटच्या हातानंतर तीन-चार आठवडे घासायला घेऊ नका. नाक जवळ नेल्यावर थिनरचा वास येतोय तोवर थर आक्रसतोय.

थोडक्यात

*सुतार म्हणतो सीलर मारून मग लॅकर. रंगावरही सीलर मारू का?* (सातारा)
नको. सँडिंग सीलरमध्ये घासायला सोपं जावं म्हणून झिंक स्टिअरेट घातलेलं असतं. त्याने थर मऊ आणि किंचित दुधाळ होतो. त्याची जागा लाकडावर, रंगाच्या खाली. रंग आणि क्लिअर यांच्यामध्ये काही नसलेलं बरं.

*मेलामाइन चालेल का? दुकानात तेच आहे.* (लातूर)
उघड्या लाकडावर चालतं, दिसतंही छान. रंगावर आम्ही टाळतो. त्याचा हार्डनर आम्लाचा असतो आणि मेटॅलिकमधल्या ॲल्युमिनियमला ते मानवत नाही. जाड झालं तर तडकतंही.

*मिरजेहून तंबोऱ्यासाठीची चपडा लाख आणली आहे. तिच्यावर पीयू मारता येईल?* (सांगली)
तशीच्या तशी नाही. साध्या लाखेत चार-पाच टक्के मेण असतं आणि पीयू त्यावरून सुटतं. द्रावण बाटलीत न हलवता काही दिवस ठेवा, मेण तळाला बसेल, वरचं नितळ तेवढं अलगद ओतून घ्या. सहा महिन्यांहून जुनं द्रावण वापरू नका, ते नीट कडक होत नाही.

*क्लिअरमध्ये गोल गोल खड्डे पडले, मध्ये रंग उघडा.* (ठाणे)
सिलिकॉन. गाडीच्या डॅशबोर्डचा किंवा फर्निचर चमकवायचा स्प्रे त्याच खोलीत कोणीतरी मारलाय, किंवा गिटारच आधी त्याने पुसली आहे. ओला क्लिअर थिनरने पुसून काढा. लॅकरवर लॅकर असेल तर तसं करू नका, वाळू द्या आणि घासा. मग पांढऱ्या पेट्रोलने दोन फडक्यांनी: एकाने ओलं लावायचं, ते उडायच्या आत दुसऱ्याने कोरडं पुसायचं. एकाच फडक्याने नुसती जागा बदलते.

*पाणी लावून घासताना स्क्रूच्या भोकांभोवती क्लिअरला तडे गेले.* (पणजी)
भोकातून पाणी लाकडात शिरलं, लाकूड फुगलं. पुढच्या वेळी भोकं मेणबत्तीच्या मेणाने बुजवा, किंवा भोकांजवळ पाण्याऐवजी टर्पेंटाइन घेऊन घासा. 800 पासून सुरू करून 1000, 1500, 2000, मग पॉलिशिंग कंपाउंड. पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब. कडांना पेपर शेवटी आणि हलकाच लावायचा, क्लिअर पहिल्यांदा तिथेच संपतो.

*नायट्रोची गिटार स्टँडवर ठेवली, रबराच्या जागी चिकट डाग पडला.* (दादर)
रबरातलं आणि प्लास्टिकमधलं मऊपणा देणारं द्रव्य लॅकरमध्ये उतरतं. डाग पूर्ण जात नाही. कडक होऊ द्या, घासा, त्यावर लॅकरचा हात द्या. स्टँडला सुती कापड गुंडाळा. पट्टाही रेक्झिनचा नको, सुती किंवा चामड्याचा घ्या.

*मॅपलचा गळा क्लिअर मारल्यापासून घामाने चिकटतो. स्टील वूलने मॅट करू का?* (औरंगाबाद रोड, नगर)
करा, 0000 नंबरने, लाकडाच्या रेषेच्या दिशेने, आणि फक्त गळ्याच्या पाठीवर. त्याआधी पिकअप टेपने बंद करा, नाहीतर लोखंडाची भुकटी चुंबकाला चिकटते आणि निघता निघत नाही. गळा सुटा होत असेल तर काढूनच घ्या. राखाडी रंगाचं नायलॉनचं घासणं वापरलं तर हा प्रश्नच येत नाही.